पंपातल्या स्टेरॉइडने मुलीची प्रतिकारशक्ती मरेल का?

प्रश्न : माझी मुलगी ९ वर्षांची आहे. दोन वर्षांपासून पावसाळ्यात आणि दिवाळीच्या सुमारास तिला रात्री खोकल्याची ढास लागते, छातीत घरघर होते. डॉक्टरांनी दमा सांगितला आणि रोज सकाळ-संध्याकाळ स्टेरॉइडचा पंप दिला. सासूबाईंचं म्हणणं, स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती मरते, त्यापेक्षा गुळवेल आणि काढे देऊन ती वाढवू. मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. प्रतिकारशक्ती वाढवली तर दमा आपोआप बरा होणार नाही का? आणि इतक्या वेळा दम लागून आत जी इजा झाली असेल, ती भरून येते का?

उत्तर : ताई, छातीच्या आजारांचं काम करतो आहे त्याला २८ वर्षं झाली. तुमचा पहिला प्रश्न मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. त्याचं उत्तर "नाही" असं आहे. तुमच्या मुलीची प्रतिकारशक्ती कमी पडत नाही. ती नको तिथे आणि नको तितकी जागी आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "बरीचशी भरून येते, पण सगळी नाही, आणि वेळेवर अवलंबून असतं." एवढ्यावर सासूबाईंचं समाधान होणार नाही हे मला माहीत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आम्ही दुर्बिणीने तपासणी करतो तेव्हा काही रुग्णांच्या फुप्फुसाच्या एका कोपऱ्यात शंभर-दीडशे मिलिलिटर सलाईन सोडून ते परत ओढून घेतो आणि त्यातल्या पेशी मोजतो. (तुमच्या मुलीला याची अजिबात गरज नाही, घाबरू नका.) धूम्रपान न करणाऱ्या निरोगी माणसाच्या त्या पाण्यातल्या १०० पेशींपैकी ८५हून अधिक एकाच जातीच्या असतात : मॅक्रोफेज, म्हणजे गिळणाऱ्या मोठ्या पेशी. बाकीच्या प्रतिकारशक्तीच्या इतर पेशी : लिम्फोसाइट दहा-पंधरा, न्यूट्रोफिल तीनच्या आत, इओसिनोफिल फार तर एक. बिडी ओढणाऱ्याच्या मॅक्रोफेजच्या पोटात तपकिरी-काळे कण दिसतात. घराच्या खिडकीत वर्षानुवर्षं कबुतरं बसणाऱ्या आणि त्यांच्या विष्ठेच्या धुळीने फुप्फुस बिघडलेल्या माणसाच्या पाण्यात लिम्फोसाइट कधीकधी निम्म्याहून जास्त असतात. २०२५मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून मुंबईत जो वाद पेटला, त्याच्या मागे हाच आजार होता. सांगायचा मुद्दा असा, की कोणत्या पेशी आल्यात यावरून आत काय चाललंय ते कळतं, आणि जिथे सगळं ठीक आहे तिथे लढणाऱ्या पेशी जवळजवळ दिसतच नाहीत.

मग त्या ८५ मॅक्रोफेज करतात काय? मोठा माणूस दिवसाला दहा हजार लिटरच्या आसपास हवा आत घेतो. तिच्यासोबत धूळ, परागकण, बुरशीचे बीजाणू, जंतू सगळं येतं. बहुतेक माल श्वासनलिकेच्या चिकट द्रावात अडकतो. अस्तरावरचे सूक्ष्म रोम सेकंदाला १० ते २० वेळा हलून तो द्राव घशाकडे ढकलतात आणि आपण नकळत गिळून टाकतो. जे यातून निसटून खाली वायुकोशांपर्यंत (फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांपर्यंत) पोचतं ते मॅक्रोफेज उचलतात. ही उचल विलक्षण गुपचूप चालते. उंदरांच्या फुप्फुसात थेट सूक्ष्मदर्शक लावून पाहिलं तेव्हा या पेशी एका वायुकोशातून दुसऱ्यात सरपटत जाताना दिसल्या. त्या जंतू गिळत होत्या ते बाकीच्या फौजेला खबर लागायच्या आत. त्यांची हालचाल रोखली, की थोड्याशा जंतूंसाठीही न्यूट्रोफिलचा लोंढा आला. म्हणजे गावात चोर शिरला तर कोतवालाने त्याला शांतपणे धरून न्यावं, आख्ख्या गावाला कुऱ्हाडी घेऊन बाहेर काढू नये. फुप्फुस ही कागदाहून पातळ भिंतींची वस्ती आहे. तिथे कुऱ्हाडी चालल्या, की आधी भिंतीच पडतात.

या पेशींचं दुसरं काम तर लढाईचं अजिबात नाही. वायुकोश मिटू नयेत म्हणून आत साबणासारखा एक थर असतो. तो जुना झाला की मॅक्रोफेजच तो साफ करतात. एका दुर्मिळ आजारात त्यांना हे काम शिकवणारा संदेश अडवला जातो. मग तो थर साचत जातो, माणसाला धाप लागते, आणि आम्हाला त्याचं फुप्फुस भूल देऊन कितीतरी लिटर सलाईनने धुवावं लागतं. बाहेर येणारं पाणी ताकासारखं पांढरं असतं. एकदा पाहिलं की 'प्रतिकारपेशी म्हणजे सैनिक' ही उपमा डोक्यातून निघून जाते.

आता कुऱ्हाडीवाल्यांकडे येऊ. न्यूट्रोफिल आपल्या अस्थिमज्जेत रोज सुमारे दहा हजार कोटी तयार होतात आणि थोडंच जगतात. न्यूमोनियात त्यांच्याशिवाय तरणोपाय नाही. कर्करोगाच्या औषधांनी त्या कमी झालेल्या रुग्णाला साधा ताप आला तरी आम्ही धावतो. पण त्यांची हत्यारं आंधळी आहेत. बेडका हिरवा का होतो, हे लोक मला विचारतात. तो रंग जंतूंचा नसतो, न्यूट्रोफिलमधल्या लोहयुक्त विकराचा (एन्झाइमचा) असतो. हिरवा बेडका म्हणजे "न्यूट्रोफिल जमलेत" एवढाच निरोप, "अँटिबायोटिक द्या" असा नव्हे. (हे वाक्य मी दवाखान्यात पाटीवर लिहून लावलं होतं. उपयोग झाला नाही.)

त्यांचं दुसरं हत्यार इलॅस्टेज. ते जंतूंची प्रथिनं तोडतं, आणि फुप्फुसाला फुग्यासारखं परत आकसू देणारे लवचीक धागेही तोडतं. त्याला आवर घालणारं एक प्रथिन आपलं यकृत सतत बनवतं. १९६३मध्ये स्वीडनमधल्या माल्मो इथे लॉरेल आणि एरिक्सन यांनी काही रुग्णांच्या रक्ततपासणीत त्या प्रथिनाची पट्टीच गायब असल्याचं पाहिलं. त्यांतल्या काहींची फुप्फुसं ऐन तरुणपणी विरून चालली होती. जंतूंचा हल्ला नव्हता. स्वतःच्याच पेशींचं हत्यार म्यान न झाल्याने ही वेळ आली होती. श्वासनलिका कायमच्या रुंदावून सतत बेडका पडणाऱ्या रुग्णांसाठी २०२५मध्ये अमेरिकेत ब्रेन्सोकॅटिब नावाच्या गोळीला मान्यता मिळाली. ती जंतू मारत नाही, न्यूट्रोफिलची ही हत्यारं तयार होतानाच बोथट करते, आणि तेवढ्याने वारंवार होणारे झटके कमी होतात.

सासूबाईंना पटेल असं उदाहरण मात्र क्षयरोगाचं. आपल्याकडे क्षयाने छातीत 'भोक पडलं' असं लोक म्हणतात, एक्स-रेवर ती पोकळी दिसते. बहुतेकांना वाटतं जंतूने फुप्फुस खाल्लं. पण एचआयव्हीने ज्यांची प्रतिकारशक्ती पार खाली गेली आहे त्यांना क्षय झाला, तर जंतू भरमसाट असूनही अशी पोकळी क्वचितच दिसते. पोकळी पाडायला धडधाकट प्रतिकारशक्ती लागते! जंतूला कोंडण्याच्या झटापटीत आपल्याच पेशींचे विकर फुप्फुसाचा सांगाडा विरघळवतात. अशाच रुग्णांना एचआयव्हीची औषधं सुरू केली आणि प्रतिकारशक्ती झपाट्याने परतली, की काहींची प्रकृती आधी बिघडते. ताप चढतो, गाठी सुजतात, एक्स-रे खराब होतो. नातेवाईक म्हणतात, औषध बाधलं. खरं तर औषध लागू पडलेलं असतं.

कोविडमध्ये तर हे सगळ्या जगाने पाहिलं. जून २०२०मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त स्टेरॉइड रोज ६ मिलिग्रॅम दिल्यावर व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरच्यांचे सुमारे एक-पंचमांशाने घटले. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांना काही फायदा झाला नाही. एकच औषध, एकच आजार, फरक फक्त वेळेचा. आधीच्या दिवसांत विषाणूशी लढणाऱ्या पेशी हव्या असतात. नंतर विषाणू मागे पडतो आणि त्यांची मारामारी उरते. २०२१च्या लाटेत आपल्याकडे हे उलटं झालं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच घरी स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या, त्यात आवरलेली नसलेली साखर, आणि मग काळी बुरशी. तेव्हा जबडे गमावलेले रुग्ण अजून माझ्याकडे दम्यासाठी येतात. स्टेरॉइडची भीती निराधार आहे असं मी म्हणूनच कधी म्हणत नाही.

आता तुमच्या मुलीच्या श्वासनलिकेत जाऊ. तिच्या अस्तराला काहीतरी खुपतं. सर्दीचा विषाणू, ओल्या भिंतीवरची बुरशी, फटाक्यांचा धूर. अस्तराच्या पेशी धोक्याची घंटा वाजवतात. ती ऐकून एका विशिष्ट गटाच्या लिम्फोसाइट आणि त्यांच्या भाऊबंद पेशी जाग्या होतात. त्यांचे संदेश अस्थिमज्जेतून इओसिनोफिल बोलावतात, चिकट द्राव वाढवतात, मास्ट पेशींना हिस्टामिन वगैरे नळी आवळणारी रसायनं सोडायला तयार ठेवतात. दम्यात या मास्ट पेशी श्वासनलिकेच्या स्नायूतच जाऊन बसलेल्या आढळतात. मग जरासा धूर किंवा थंड वारा लागला तरी नळी आवळते, यात नवल नाही.

हा सगळा सरंजाम मुळात जंतांसाठी होता. विदर्भातल्या गडचिरोली-चंद्रपूरकडच्या वाचकांसाठी इथे जरा आडवाट घेतो. हत्तीरोगाच्या जंताची सूक्ष्म पिल्लं फुप्फुसात अडकली, की काहींना रात्रीचा कोरडा खोकला आणि घरघर अगदी दम्यासारखीच होते. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये इओसिनोफिल ३,०००च्या वर जातात. १९४३मध्ये वाइनगार्टन यांनी भारतातल्या रुग्णांवरूनच या आजाराचं वर्णन केलं. तो डीईसी या हत्तीरोगावरच्या औषधाच्या गोळ्यांनी तीन आठवड्यांत आटोक्यात येतो आणि ओळखला नाही तर वर्षानुवर्षं दमा म्हणून रेंगाळतो. रक्ताची साधी तपासणी हा आजार सुचवते, पण ती करायची आठवण व्हावी लागते.

तुमच्या मुलीच्या छातीत जंत नाही, धूळ आहे. चोर सोडून संन्याशाला सुळी, असा प्रकार. इओसिनोफिल आत जे विषारी प्रथिन ओततात त्याने अस्तर सोलवटतं. त्यांच्या अवशेषांतून तयार होणारे टोकदार स्फटिक दम्याच्या बेडक्यात एकोणिसाव्या शतकापासून दिसत आलेत. आम्ही ते केवळ खूण म्हणून शिकलो. २०१९मध्ये कळलं की ते स्फटिक स्वतःच दाह भडकवतात. अशा घरात गुळवेलीने 'प्रतिकारशक्ती वाढवायची' म्हणजे नेमकं काय वाढवायचं? इओसिनोफिल? मास्ट पेशी? 'वाढवणं' या शब्दालाच इथे अर्थ उरत नाही. आणि गुळवेल निरुपद्रवी आहे असंही धरून चालू नका. २०२१मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. ती इजा स्वतःच्या प्रतिकारपेशींनी यकृतावर हल्ला केल्यासारखी होती. आयुष मंत्रालयाला ते मान्य नव्हतं, वाद झाला. पण ९ वर्षांच्या मुलीला महिनोन्महिने द्यावी इतका भरवसा मला तरी नाही. आल्याचा चहा द्या, हळदीचं दूध द्या. आजीच्या हातचं आहे, घसा शेकतो, कोणाचं काही बिघडत नाही.

तुम्हाला प्रतिकारशक्तीला काही शिकवायचंच असेल तर दरवर्षी फ्लूची लस द्या. ती 'वाढवत' नाही, एका ठरावीक शत्रूची ओळख करून देते. तेवढंच हवं असतं.

आता दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते तोच जास्त महत्त्वाचा. इजा भरते का?

श्वासनलिकेच्या अस्तराच्या तळाशी राखीव पेशी असतात. वरचा थर सोलला, की शेजारच्या पेशी काही तासांतच चपट्या होऊन उघड्या जागेवर सरकतात, जखमेवर पदर ओढावा तशा. मग राखीव पेशी वाढतात. पुन्हा रोम फुटून ते एका लयीत हलायला लागेपर्यंत मात्र आठवडे जातात. "सर्दी कधीच गेली, खोकला जाईना" ही तक्रार त्या आठवड्यांची असते. त्यासाठी अँटिबायोटिकचा तिसरा कोर्स नको, थोडा धीर हवा.

या डागडुजीची मुकादमी प्रतिकारपेशीच करतात. लढून मेलेले न्यूट्रोफिल कुजले तर त्यांची हत्यारं बाहेर सांडतील, म्हणून मॅक्रोफेज त्यांना अख्खं गिळतात. आणि गिळल्यावर त्या स्वतः बदलतात. चिथावणीचे संदेश थांबवून बांधणीचे संदेश सोडू लागतात. प्रेत उचलणं हाच त्यांना लढाई संपल्याचा पुरावा. वर्षानुवर्षं चुलीच्या किंवा बिडीच्या धुरात राहिलेल्यांच्या मॅक्रोफेजना हे उचलणं नीट जमेनासं होतं. त्यांच्या छातीत लढाई संपल्याची बातमी कधी पोचतच नाही. बिडी सोडली तरी दाह रेंगाळतो तो त्यामुळे.

आवर घालणाऱ्या वेगळ्या लिम्फोसाइटही असतात. त्यांच्याबद्दलच्या शोधांसाठी सकागुची, ब्रंको आणि रॅम्सडेल यांना २०२५चं नोबेल मिळालं. या पेशी इतरांना शांत करतातच, शिवाय उंदरांत फ्लूनंतर फुप्फुसाचं ऊतक सांधायला मदत करणारा पदार्थही त्या बनवतात. गंमत म्हणजे तोच पदार्थ त्या 'भाऊबंद' पेशीही बनवतात, ज्यांना वर मी दम्याच्या खटल्यात आरोपी म्हणून उभं केलं. त्या काढून टाकल्या तर फ्लू झालेल्या उंदरांचं अस्तर नीट भरत नाही. दम्यात त्या गुन्हेगार, फ्लूमध्ये गवंडी. म्हणून 'प्रतिकारशक्ती मारून टाका' हाही उपाय नाही. त्या पेशी हव्यातच, फक्त काम झालं की घरी जाणाऱ्या हव्यात.

दम्यात होतं असं की एक डागडुजी पुरी व्हायच्या आत दुसरी इजा होते. गवंडी कायमचेच मुक्कामाला राहतात आणि गिलावा चढवत बसतात. अस्तराखालचा थर जाड होतो, चिकट द्राव बनवणाऱ्या पेशी वाढतात, स्नायू फुगतो. हे म्हातारपणी होतं असं आम्ही समजत होतो, पण शाळकरी मुलांच्या, आणि जास्त त्रास असलेल्या बालवाडीच्या वयातल्याही मुलांच्या तपासण्यांत तो जाड थर दिसला आहे. सूज, इओसिनोफिल, द्रावाचे गुठळे हे सगळं उपचाराने काही दिवस-आठवड्यांत उतरतं. सोललेलं अस्तर महिन्यांत सुधारतं. जाड झालेला थर आणि फुगलेला स्नायू फारसा मागे फिरत नाही. मोठ्यांच्या एम्फिसिमात विरून गेलेले वायुकोश तर परत येतच नाहीत, मग जाहिरात काहीही म्हणो. मुलीच्या बाजूने एक गोष्ट मोठी आहे. तिचं फुप्फुस अजून वाढतंय, आणि विशीपर्यंत वाढत राहील. आतली चिथावणी आत्ता शमवली तर त्या वाढीला मोकळी वाट मिळते.

पंप नेमकं हेच करतो. नळी सैल करणाऱ्या निळ्या पंपाने दहा मिनिटांत बरं वाटतं, पण आतला दाह तसाच राहतो, म्हणून नुसत्या निळ्यावर दिवस काढू नका. स्टेरॉइडचा पंप बोलावण्याचे संदेश कमी करतो आणि इओसिनोफिलना लवकर मरायला लावतो. सगळ्या पेशी तो मारत नाही. उलट स्टेरॉइडमुळे न्यूट्रोफिल थोड्या जास्तच जगतात. न्यूट्रोफिलचा जोर असलेल्या बिडीवाल्याच्या छातीत त्याचा फारसा उपयोग होत नाही आणि तुमच्या मुलीत होतो, त्याचं एक कारण हे आहे. मात्राही बघा. तिच्या पंपात दिवसाला १०० ते २०० मायक्रोग्रॅमच्या घरात औषध असेल. झटका आला की तोंडाने देतात ती २० मिलिग्रॅमची गोळी म्हणजे २०,००० मायक्रोग्रॅम. पंप टाळून वर्षातून तीन झटके आणि तीन कोर्स, हा व्यवहार तोट्याचाच.

तोटे शून्य आहेत का? नाहीत. तोंडात पांढरी बुरशी येऊ शकते, आवाज बसू शकतो, म्हणून स्पेसर (पंपाला जोडायचं नळकांडं) वापरायचा आणि नंतर चूळ भरायची. रोज ४०० मायक्रोग्रॅम वर्षानुवर्षं घेतलेल्या मुलांची मोठेपणीची उंची सरासरी १.२ सेंटीमीटरने कमी भरली, असं दीर्घ अभ्यासात दिसलं. म्हणून आम्ही लागेल तेवढीच, कमीत कमी मात्रा ठेवतो. वयस्क, धुराने फुप्फुस झिजलेल्या रुग्णांत या पंपाने न्यूमोनियाचा धोका थोडा वाढतो, ते खरं आहे. सासूबाईंनी ऐकलेली गोष्ट बहुधा तिथून आली असावी. ती तुमच्या मुलीची गोष्ट नाही.

घरात घंटा वाजवणाऱ्या गोष्टी कमी करा. डासांची कॉइल आणि संध्याकाळचा धूप तिच्या खोलीत नको, ओल आलेल्या भिंतीला कपाट चिकटवू नका, दिवाळीच्या आठवड्यात रात्री खिडक्या बंद. सलग तीन महिने ती रात्री शांत झोपली, खेळताना थांबली नाही, निळा पंप क्वचितच लागला, तर डॉक्टरांशी बोलून मात्रा एक पायरी खाली आणता येते. पण हे जून महिन्यात करू नका, दिवाळीच्या तोंडावरही नको. जानेवारी-फेब्रुवारीत बघा.

आणि पंप रिकामा झाला आहे का हे हलवून कळत नाही. औषध संपल्यावरही आतला वायू फसफसत राहतो, आणि "पंप चालू आहे तरी दम लागतो" म्हणून येणाऱ्यांत दर महिन्याला एखादा तरी रिकामा डबा घेऊन आलेला असतो. डब्यावर फवाऱ्यांचा आकडा छापलेला असतो. २०० फवारे असतील आणि रोज चार लागत असतील तर पन्नासाव्या दिवशी डबा संपला. सुरू केल्याची तारीख आजच पेनाने डब्यावर लिहून ठेवा.